भिलाईची भरती

दुर्गच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभं राहिलं की वाचायला दुसरं काही नसतं, म्हणून माणूस स्टेशनची पिवळी पाटी वाचतो. गावाचं नाव वाचून झालं की खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. आमच्या दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यात ती तीनशे मीटरच्या आगेमागे आहे. लहानपणी मला त्या ओळीचं नवल वाटायचं. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून लांब. भट्ट्या आहेत, रूळ आहेत, तलाव आहेत. समुद्र तेवढा नाही. भिलाईचं पोलाद ‘विक्रांत’ युद्धनौकेत बसून समुद्रावर गेलं, पण समुद्र काही भिलाईला आला नाही. मग त्या पाटीवर समुद्राचं काय काम?

काम आहे, आणि ते मुंबईच्या अपोलो बंदरावर सुरू होतं. तिथं १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद चालू आहे. एवढी लांबलचक नोंद हिंदी महासागराच्या आपल्या बाजूला दुसरीकडे नाही. जुन्या भरतीमापकाची रचना पाहिली तर हसू येईल इतकी साधी. धक्क्याला लागून विहिरीसारखा एक उभा नळ. त्याच्या तळाशी लहानसं भोक. भोक लहान असल्यानं बाहेरच्या लाटांची खळखळ आत पोचत नाही, पण सहा-सहा तास सावकाश चढणारं-उतरणारं पाणी मात्र आरामात आत-बाहेर होतं. आत एक तरंगतं, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला पेन्सिल, आणि पेन्सिलीसमोर घड्याळाच्या यंत्रावर फिरणारं, कागद गुंडाळलेलं पिंप. दिवसभरात कागदावर दोन डोंगर आणि दोन दऱ्या उमटतात. अशी वर्षानुवर्षांची भेंडोळी जमवायची, सरासरी काढायची, आणि त्या सरासरीला म्हणायचं शून्य.

१९०९ साली देशभरच्या उंचीमोजणीचं जाळं एकत्र बांधलं गेलं तेव्हा अशी नऊ बंदरं आधाराला घेतली होती: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं फॉल्स पॉइंट. या शेवटच्या नावाशी आमचं नातं पाण्याचं आहे. दुर्गाजवळून वाहणारी शिवनाथ पुढे महानदीला मिळते, महानदी हिराकूडचं धरण ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरते, आणि फॉल्स पॉइंट तिच्या मुखाजवळच आहे. किनाऱ्यावरच्या शून्यापासून सर्वेक्षकांनी दुर्बीण आणि आकडे रंगवलेली पट्टी घेऊन पावलापावलानं उंची मोजत देशाच्या पोटात शिरायचं, असा तो उद्योग. म्हणजे ‘समुद्रसपाटी’ हा शब्द तसा फसवाच. समुद्र कधी सपाट नसतो. सपाटी ही हजारो भरत्या आणि हजारो ओहोट्या यांची सरासरी. फलाटावरच्या त्या आकड्यात कुठल्या तरी जुन्या उधाणाचाही वाटा आहे.

जमलेल्या नोंदींचा दुसरा उपयोग म्हणजे पुढच्या वर्षाची भरती आधीच सांगणं. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये एक यंत्र तयार झालं, ते खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी. पितळी चाकं आणि कप्प्यांची ती मोठी मांडणी होती. भरती ही एकच लाट नसून अनेक लाटांची बेरीज असते: चंद्राची एक, सूर्याची एक, चंद्र जवळ-दूर होतो त्याची एक, तो उत्तरेला-दक्षिणेला सरकतो त्याची एक. प्रत्येक लाटेसाठी एक चाक. सगळ्या चाकांच्या कप्प्यांवरून एकच तार फिरवलेली. दांडा फिरवला की तारेचं टोक सगळ्या लाटांची बेरीज करून कागदावर काढतं. गणकयंत्र नव्हतं त्या काळात वर्षभराचं भाकीत काही तासांत तयार व्हायचं.

माझ्या अलिबागच्या आजीकडे याहून स्वस्त यंत्र होतं: बोटं. सुट्टीत कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं तर ओहोटी हवी. “आज तिथी कुठली?” ती विचारायची. चतुर्थी म्हटलं की तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊणे तीन. म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. चला, न्याहारी करून निघा. अष्टमी म्हटलं तर आठ पाऊणे सहा, ओहोटी बाराला. पण मग ती नाक मुरडायची, कारण अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड सुकतही नाही. पौर्णिमेला उधाण: पाणी चढेल तेवढंच उतरेल, सकाळी सहाला वाट कोरडी मिळेल.

हा पाऊणपटीचा हिशेब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर सर्रास चालतो आणि त्यात खगोलशास्त्र ठासून भरलेलं आहे. चंद्राचा एक फेरा तीस तिथींचा. त्या तीस तिथींत चंद्र सूर्याच्या मानानं एक पूर्ण दिवस मागे पडतो. चोवीस तासांना तिसानं भागलं की अठ्ठेचाळीस मिनिटं. आजी पंचेचाळीस धरायची. पंधराव्या तिथीला तीन-तीन मिनिटांची तूट साचून पाऊण तास होते. म्हणून तिचं गणित पौर्णिमेला सव्वाअकरा सांगतं आणि पाणी बाराला चढतं. तिला ते ठाऊक होतं. “थोडं इकडेतिकडे,” एवढंच ती म्हणायची. पण हे गणित बंदराबंदराला वेगळं असतं, कारण पाणी किनाऱ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ वेगळा. अलिबागची पाऊणपट पुरीला नेली तर पाय ओले होतील.

आता मुद्द्याचं. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, हे आपण शाळेत घोकलेलं उत्तर. ते चूक नाही, पण अर्धवट आहे, आणि त्याचा अर्धवटपणा एका प्रश्नात उघडा पडतो. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पटींहून जास्त जोरानं ओढतो. मग सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही कमी का?

कारण भरती ओढीची नसते, ओढीतल्या फरकाची असते. एका रुळावर तीन सुटे डबे उभे आहेत असं समजा: चंद्राच्या बाजूचं पाणी, मधली पृथ्वी आणि पलीकडच्या बाजूचं पाणी. चंद्र तिघांनाही ओढतो. सगळ्यात जवळच्या डब्याला जास्त, मधल्याला थोडं कमी, मागच्याला आणखी कमी. तिघंही एकाच दिशेला निघाले तरी पुढचा मधल्याच्या पुढे जातो आणि मागचा मधल्याच्या मागे राहतो. मधल्या डब्यात बसलेल्याला दिसणार काय, तर दोन्ही बाजूंनी अंतर वाढतं आहे. म्हणून दिवसाला भरत्या दोन: एक चंद्राकडची, एक त्याच्या विरुद्ध बाजूची. सूर्य प्रचंड आहे, पण चंद्राच्या सुमारे चारशेपट लांब. इतक्या लांबून पाहिलं तर पृथ्वीचा पुढचा आणि मागचा भाग त्याला जवळजवळ एकाच अंतरावर. ओढ मोठी, फरक लहान. न्यूटननं १६८७ मध्ये आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात हे सूत्र मांडलं आणि तिथून भरती हा पाण्याचा विषय राहिला नाही, फरकाचा विषय झाला.

फरक म्हटल्यावर लांबी आली. आमच्या भिलाईच्या मैत्री बागेतल्या तलावाला भरती का नाही, याचं उत्तर हेच. तलावाच्या या काठावर आणि त्या काठावर चंद्राच्या ओढीत फरक पडतोच किती? महासागर हजारो किलोमीटर पसरलेला, म्हणून त्याला तो फरक जाणवतो. तरीही हा जोर किती, तर पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीवा भाग. एवढ्याशा जोरानं पाणी सरळ वर उचललं जात नाही. ते आडवं सरकतं, चहूकडून थोडंथोडं, आणि एका जागी गोळा होतं.

आणि पाण्याला जो नियम तोच दगडाला. पृथ्वी वाटते तेवढी कडक नाही, रबराच्या चेंडूसारखी थोडी दबते, थोडी ताणते. चंद्र-सूर्याच्या फरकानं पायाखालची जमीन दिवसातून दोनदा वर येते आणि दोनदा खाली जाते. आपल्या अक्षांशांवर ही वरखाली साधारण एक फूट, कधी थोडी जास्त. म्हणजे भिलाईलाही भरती येते. भट्ट्या, कोक ओव्हन, टाऊनशिपचे सगळे सेक्टर, सिव्हिक सेंटर, मैत्री बागेतला तलाव आणि त्यातलं पाणी, सगळं एकदम एक फूट चढतं आणि एक फूट उतरतं. आपल्याला कळत नाही, कारण आपल्याबरोबर दुर्ग, रायपूर, नागपूरही चढत असतं. कशाच्या तुलनेत चढलो हे दाखवायला स्थिर असं जवळ काहीच नाही. फलाटावरच्या पाटीतला आकडा त्या अर्थानंही सरासरीच.

हे नुसतं कागदी गणित नव्हे. जिनिव्हाजवळ सत्तावीस किलोमीटर घेराचं एक भुयार आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात इलेक्ट्रॉन फिरवले जात होते. त्यांची ऊर्जा दिवसातून ठरावीक वेळी थोडी वाढायची, थोडी घटायची. शेवटी लक्षात आलं की जमिनीच्या भरतीनं सत्तावीस किलोमीटरांचा घेर जवळजवळ एक मिलीमीटरानं लांब-आखूड होतो आहे. तो हिशेब जुळवून झाल्यावरही दिवसा एक वेगळाच गोंधळ उरला, तो रात्री थांबायचा. शोध घेतला तर तो जिनिव्हाहून सुटणाऱ्या आगगाड्यांचा निघाला: रुळांतून जमिनीत उतरणारी वीज थेट त्या यंत्रापर्यंत येत होती. रूळ बनवणाऱ्या गावात राहून ही गोष्ट वाचताना मला उगाच अपराधी वाटलं.

समुद्राच्या भरतीत दोन गोष्टी असतात आणि त्या आपण एकच समजतो. एक पाण्याची उंची, दुसरी पाण्याची धाव. फिरायला गेलेल्याला उंची दिसते. ज्याचं पोट समुद्रावर आहे त्याला धाव दिसते. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर कोळी बांधव डोल नावाचं जाळं लावतात. लांबच लांब शंकूसारखं जाळं, तोंडाशी मोठ्या आसाचं आणि शेपटाकडे बारीक बारीक होत गेलेलं. ते कुणी ओढत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना त्याचं तोंड बांधून ठेवायचं आणि पाण्याला पळू द्यायचं. भरतीचा किंवा ओहोटीचा लोंढा जाळ्यातून वाहतो, आणि त्याच्याबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा शेपटात साचतात. पाण्याचा जोर ओसरला, ते फिरण्याच्या बेतात आलं, की शेपूट वर घ्यायचं, रिकामं करायचं. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात पळतं म्हणून जाळं भरतं. भांगाच्या दिवसांत पाणीच रेंगाळतं, मग जाळ्यात काय येणार? म्हणून कोळ्याच्या महिन्यात दोन हंगाम असतात, अमावास्येचा आणि पौर्णिमेचा. भरतीच्या प्रवाहातून ऊर्जा काढण्याच्या योजना आज मोठ्या थाटात मांडल्या जातात. डोलवाल्यांनी ती ऊर्जा केव्हाच कामाला लावली आहे, एक थेंब डिझेल न जाळता.

किनाऱ्यानं उत्तरेकडे जावं तशी भरती वाढत जाते. गोव्याला उधाणात दोनेक मीटर, मुंबईला साडेचार-पाच, आणि खंभातच्या आखातात भावनगरला दहाच्या वर. चंद्र तोच, मग एवढा फरक का? मुंबईपुढचा समुद्रतळ शेकडो किलोमीटरपर्यंत उथळ आहे आणि खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. रुंद तोंडानं शिरलेलं पाणी पुढे मावत नाही, चढत जातं. त्यात आखाताचं स्वतःचं झुलणं भरतीच्या ठेक्याशी बरंचसं जुळतं. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला धक्का जसा झोका वाढवतो तसं. तिथं जागोजागी पाणी ताशी दहा किलोमीटरांच्या पुढे पळतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात भडोचच्या खाडीत शिरताना या लोंढ्यानं जहाजांची काय गत होते त्याचं भेदरलेलं वर्णन आहे.

या धावेतून वीज काढायची तर गणित लोभस आहे. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट जड, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून भरतीवरची वीज तयार होते आहे, पण ती धरण बांधून. स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलंडच्या सामुद्रधुनीत पाण्याखाली पंख्यासारखी चक्रं बसवून ती थेट प्रवाहातून काढली जाते. आपल्याकडे खंभातमध्ये सात हजार मेगावॅट आणि कच्छमध्ये बाराशे मेगावॅट शक्य असल्याचे अंदाज जुने आहेत. प्रत्यक्षात अजून काही उभं राहिलेलं नाही. खर्च, गाळ आणि खारं पाणी ही तीन उत्तरं दर वेळी मिळतात. मला तिन्ही खरी वाटतात.

हे सगळं पाणी तळाशी घासत धावतं तेव्हा ती ऊर्जा येते पृथ्वीच्या फिरण्यातून. म्हणून आपला दिवस अतिशय सावकाश, शतकाला दोनेक मिलिसेकंदांनी, लांबतो आणि चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे अंतर मोजलं गेलं आहे.

फरकाला जोर कमी असतो, पण मोजमाप बदललं की तोच फरक फाडून टाकतो. १८४८ मध्ये एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं की एखादा उपग्रह ग्रहाच्या ठरावीक अंतराच्या आत आला, तर त्याला बांधून ठेवणारं त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण ओढीतल्या फरकापुढे तोकडं पडतं आणि तो फुटतो. दीडशे वर्षांनी आपण ते पाहिलं. शूमेकर-लेव्ही धूमकेतू १९९२ मध्ये गुरूच्या फार जवळून गेला आणि त्याची मण्यांच्या माळेसारखी रांग झाली. जुलै १९९४ मध्ये ते मणी एकामागून एक गुरूवर जाऊन आदळले.

आता ग्रहाच्या जागी आकाशगंगा ठेवा आणि धूमकेतूच्या जागी लाखो ताऱ्यांचा गुच्छ. भिलाईच्या रेल मिलमध्ये लालबुंद जाडजूड ठोकळा रोलांतून जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि शेवटी एकशे तीस मीटरांचा सलग रूळ होऊन बाहेर पडतो. पोलाद तेवढंच, आकार मात्र कुठल्या कुठे. आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या गुच्छाचंही असंच होतं, फक्त इथं दाबणारं कुणी नाही, ताणणारा फरक आहे, आणि एका फेरीला कोट्यवधी वर्षं लागतात. गुच्छाच्या आतल्या बाजूचा तारा सुटतो, त्याची वाट आखूड, म्हणून तो पुढे निघून जातो. बाहेरच्या बाजूनं सुटलेल्याची वाट लांब, तो मागे पडतो. गोल मैदानावर शाळेच्या मुलांना एका ओळीत उभं करून पळायला सांगितलं तर दोन फेऱ्यांत ओळीचं जे होतं तेच. गुच्छाच्या पुढे एक शेपटी, मागे एक शेपटी. ताऱ्यांचा हा ओघळ म्हणजे अवकाशातला भरतीचा प्रवाह. शास्त्रज्ञही त्याला तेच नाव देतात. समुद्रावरचा शब्द त्यांनी उचलून आकाशात नेला.

अलार आणि युरी तूमरे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवून दिलं की दीर्घिकांच्या लांब शेपट्या, दोघींमधले पूल हे निव्वळ भरतीचे परिणाम आहेत. त्याआधी त्यामागे चुंबकीय कारणं शोधणारेही होते. १९९४ मध्ये रॉड्रिगो इबाता, जेरार्ड गिलमोर आणि माइक अर्विन यांना धनू राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेच्या मध्यापलीकडे दडलेली एक छोटी दीर्घिका सापडली. तिचे तारे ओघळून साऱ्या आकाशाला वळसा घालून आलेले आहेत. गंमत म्हणजे तिच्या गाभ्यातला तारकागुच्छ, मेसिएच्या यादीतला चौपन्नावा, १७७८ पासून माहीत होता. तो आपलाच समजून सगळे दोनशे वर्षं पाहत होते. तो घरचा नसून गिळला जात असलेला शेजारी आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

असे प्रवाह आता शंभराहून अधिक माहीत झाले आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत. एखाद्या प्रवाहाचे तारे आकाशात लांबवर विखुरलेले, आणि त्यांच्यामध्ये दुसरेच लाखो तारे मिसळलेले. मेळ्याच्या गर्दीतून एका दिंडीचे वारकरी हुडकायचे तर चेहऱ्यावरून जमणार नाही, कोण कुठल्या दिशेला किती वेगानं चालला आहे ते पाहावं लागेल. ते काम २०१३ च्या डिसेंबरमध्ये उडालेल्या ‘गाया’ या युरोपीय दुर्बिणीनं केलं. जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांची जागा आणि त्यांचं सरकणं तिनं मोजलं. एप्रिल २०१८ मध्ये तिच्या नोंदींचा मोठा हप्ता खुला झाला आणि प्रवाह धडाधड सापडू लागले. ख्याती मल्हान या भारतीय खगोलशास्त्रज्ञानं इबातांबरोबर या गर्दीतून दिंड्या हुडकायची एक गणिती रीत तयार केली. पुढे २०२४ मध्ये मल्हान आणि हान्स-वॉल्टर रिक्स यांनी आकाशगंगेच्या आतल्या भागात बारा-तेरा अब्ज वर्षं जुन्या ताऱ्यांचे दोन समूह दाखवले आणि त्यांना नावं दिली ‘शक्ती’ आणि ‘शिव’. आकाशगंगा घडताना मिसळलेले हे आरंभीचे दोन ओघ असावेत, असं त्यांचं म्हणणं. आकाशगंगेच्या मधल्या दांडीच्या फिरण्यामुळेही अशी रचना दिसू शकते, असं इतरांचं. वाद चालू आहे, आणि नावं सुंदर आहेत म्हणून आपण त्यात बाजू घ्यायचं कारण नाही.

नद्यांची नावं द्यायची कल्पना मात्र फार आवडण्यासारखी. २०१८ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीवरून केलेल्या एका पाहणीत अकरा नवे प्रवाह सापडले. त्यांतल्या चौघांची नावं सिंधू, झेलम, रावी आणि चिनाब. (शिवनाथ नाही, इंद्रावती नाही, पण तक्रार कुणाकडे करणार?) यांतल्या चिनाबची गोष्ट सांगण्यासारखी आहे. उत्तरेच्या आकाशात आधीच एक प्रवाह ठाऊक होता. तो कशातून ओघळला त्याचा पत्ता लागेना, म्हणून त्याचं नाव पडलं ‘अनाथ’. २०१९ मध्ये कळलं की दक्षिणेची चिनाब ही वेगळी नदी नाहीच, ती अनाथाचाच पुढचा भाग आहे. पण दोन्ही जोडून पाहिलं तर एक विचित्र गोष्ट दिसली: तारे जिथून जात आहेत त्या वाटेला त्यांची चाल जुळत नव्हती. रुळांवरून धावणारी गाडी तिरकी सरकताना दिसावी तसं. म्हणजे कुणीतरी बाजूनं ओढतं आहे. तो ओढणारा निघाला मोठा मॅगेलन मेघ, आपल्या शेजारची छोटी दीर्घिका. ओढीवरून तिचं वजन काढलं तर ते आलं सूर्याच्या सुमारे चौदा हजार कोटी पट. तिच्यात दिसणाऱ्या ताऱ्यांच्या हिशेबानं हे कितीतरी जास्त आहे. बाकीचं न दिसणारं, ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात ते.

प्रवाहांचा खरा उपयोग हा आहे. अपोलो बंदरातली पेन्सिल जशी समुद्राला हात न लावता त्याचं चढणं-उतरणं लिहीत होती, तसा ताऱ्यांचा प्रत्येक ओघ न दिसणाऱ्या वजनाची नोंद लिहीत असतो. जीडी-१ नावाचा एक प्रवाह सुतासारखा बारीक आणि लांब आहे. २०१८ मध्ये एड्रियन प्राइस-व्हेलन आणि आना बोनाका यांनी त्यात एक रिकामी जागा आणि बाजूला निघालेला काटा दाखवला. सुताजवळून काहीतरी जड गेलं आणि त्यानं तारे हुसकावले, असं चित्र. पुढच्या वर्षीच्या गणितानुसार ती वस्तू दहा लाख ते दहा कोटी सूर्यांइतकी जड असावी, आणि त्या जागी तेवढं जड असं दिसणारं काही नाही. कृष्णद्रव्याचे छोटे गोळे खरंच असतात का, हा भौतिकशास्त्रातला मोठा प्रश्न आहे, आणि त्याची साक्ष एका तुटक्या सुताकडून घ्यायची वेळ आली आहे. एका साक्षीवर निकाल लागत नाही. पण साक्षीदार बोलका आहे.

आकाशातली भरती हुडकण्याच्या कामात आपल्याकडची माणसं आणि यंत्रंही आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाहणीत आकाशात एक अनोळखी चमक दिसली. महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ गेलेला तारा भरतीच्या फरकानं ताणून फाटला होता. त्याच्या द्रव्याचा लांब पट्टा झाला, त्यातला काही भाग विवरात पडला आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं एक झोत नेमका आपल्या दिशेला सुटला. हे घडलं साडेआठ अब्ज वर्षांपूर्वी, प्रकाश आत्ता पोचला. त्याच्यामागे लागलेल्या दुर्बिणींत लडाखमधल्या हान्लेची ग्रोथ-इंडिया होती, जिच्या कामात आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आहेत, आणि नारायणगावजवळच्या खोडदचा जीएमआरटीही होता. खोडदच्या तीस अँटेना द्राक्षबागांच्या मुलखात उभ्या आहेत. पुण्याहून नाशिकला जाताना रस्त्यावरून दिसतात.

आता परत भिलाईला. इथून साठेक किलोमीटरांवर, बालोदजवळ तांदुळा धरण आहे. आमच्या कारखान्याला पाणी पुरवणारं. चैत्र अमावास्येच्या सुमारास, उत्तरेकडचा कारखान्याचा लालसर उजेड पाठीशी घेऊन, रात्री अकराच्या आगेमागे दक्षिणेला पाहावं. हात लांब करून क्षितिजावर एक वीत मोजली की पुसट, फुगीर असा एक ठिपका सापडतो. जुन्या काळी त्याला एकच तारा समजत. तो ओमेगा सेंटॉरी, सुमारे कोटभर ताऱ्यांचा गुच्छ. २०१९ मध्ये इबाता, मल्हान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याचेही तारे ओघळून एक प्रवाह झाला आहे. नॉर्वेकडच्या पुराणातल्या एका नदीचं नाव त्याला दिलं, फिम्बुलथुल. तो ओघळ डोळ्यांना दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो. अमावास्येच्या मध्यरात्री सूर्य आणि चंद्र दोघंही पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतात. म्हणजे धरण, त्यातलं पाणी आणि काठावरची आपली चटई जवळजवळ पूर्ण वर आलेली. आणि तिकडे अलिबागला, आजीच्या हिशेबानं पंधरा पाऊणे सव्वाअकरा, किल्ल्याची वाट पाण्याखाली गेलेली असते.